मागखात्याची बोली

गिरणी बंद पडली आणि सेंट-ऑबिन गावाला पहिल्यांदा नदी ऐकू आली. साठ वर्षं ती गिरणीच्या पोटातून वाहत होती. रंगखात्याचं पाणी गिळून सोमवारी लाल, बुधवारी निळी होऊन पुलाखालून जात होती. पण तिला आवाज आहे, हे मागांच्या धडधडाटात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता तो वर आला, तशी म्हातारी माणसं बिचकली. डेलिमा जॉबर तर पहिला आठवडाभर घरातले नळ तपासत फिरत होती.

डेलिमा चौदाव्या वर्षी आईबापांबरोबर कॅनडातल्या क्यूबेकहून इथं अमेरिकेत आली. आठ भावंडं, एक शिवणयंत्र, काचेत बसवलेला येशू, एवढा त्यांचा संसार. आली त्या आठवड्यात मागखात्यात उभी राहिली आणि तिथं एकेचाळीस वर्षं काढली. त्या खात्यात कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी काही कळायचं नाही. म्हणून बाया आवाज काढायच्याच नाहीत. ओठ मोठाले हलवायचे, शब्द चावून चावून सोडायचे, भुवयांनी त्याला मीठ लावायचं. खात्याच्या या टोकापासून त्या टोकाला, सत्तर मागांच्या डोक्यावरून, कुणाला दिवस गेले आणि कुणाचा नवरा पिऊन कुठं पडला, सगळं पोचायचं. हवेत लोकरीचं धुकं तरंगायचं आणि त्या धुक्यात ही तोंडं पाण्यातल्या माशांसारखी उघडायची, मिटायची. बाहेरचा माणूस दारात आला की त्याला वाटायचं, आपण झोपेत चाललोय.

ही बोली अंगात मुरली की एक चूक हमखास व्हायची. आवाज नाही, म्हणजे कुणाला कळत नाही, असं वाटायला लागायचं. डेलिमा एकोणीस वर्षांची असताना रविवारी चर्चमध्ये बसली होती आणि पलीकडच्या बाकावरच्या फिलोमेनला ओठांनी सांगत होती, की ओझियास जॉबर बिघडलेला माग लावतो झकास, दिसतोही बरा, पण त्याची आई कालवणात पडणारे वाटाणे मोजते म्हणे. सगळं चर्च मागखात्यातलं. अख्ख्या चर्चनं ते वाचलं. माणसांचे खांदे हलायला लागले, फादरना बिचाऱ्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. ओझियासची आई त्या खात्यात वीस वर्षं राबलेली. बाहेर पायरीवर तिनं डेलिमाला गाठलं आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी जेवायला ये. तुला मोजून वाढते." डेलिमा गेली. लग्न तिथंच ठरल्यात जमा झालं.

ओझियासनं तिच्यासाठी मिशी काढली. मागखात्यात मिशीवाला माणूस मुक्यात जमा. गिरणी चालू होती तोवर त्याचा ओठ तासलेल्या फळीसारखा साफ असायचा. भोंगा कायमचा बंद झाला त्या महिन्यात त्यानं मिशी सोडली. आता कुणाला वाचायचंय, म्हणाला. ती वाढून वाढून खालच्या ओठावर आली.

एका शरदात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, वाचा आता येणार नाही, समजतंय किती तेही सांगता येत नाही.

हार्टफर्डहून मुलगी आली. रोझिल्दा तिचं नाव, विम्याच्या ऑफिसात मोठ्या टेबलावर बसायची. पोरीला गिरणीची पायरी चढू द्यायची नाही, असं नवराबायकोनं पाळण्यातच ठरवलं होतं आणि ते तडीस नेलं होतं. त्यामुळं ती बोली तिला आलीच नाही. तिनं आईचे वाकलेले गुडघे बघितले, बापाला खाटेवरून खुर्चीत घेताना आईचा चाललेला आटापिटा बघितला आणि चाळीस मैलांवर चर्चच्या सिस्टर लोकांच्या रुग्णालयात एक खाट ठरवून टाकली. गुरुवारी गाडी येणार होती. तिचंही काही चुकत नव्हतं.

"त्याला न्यायचं न्हाई," डेलिमा म्हणाली. "तिथं त्याचं बोलनं वाचनारं कोन हाय?"

"आई, बाबा बोलत नाहीत गं. ओठ नुसते थरथरतात."

"थरथरत न्हाईत. सकाळी म्हनला, घावनं करपली."

"करपली होती, ते मला वासावरूनच कळलं."

खरं म्हणजे भीती डेलिमालाच वाटत होती. वाकडं तोंड, त्यावर ती मिशी. ती वाचत होती त्यातलं अर्धं अंदाजानं. दुपारी खिडकीत त्याच्याशेजारी बसली की नदीचा आवाज खोलीभर पसरायचा, डोळे जड व्हायचे, आणि त्याच्या ओठांवर तिला सगळंच दिसायला लागायचं. तो बोलतोय, का आपणच त्याच्या तोंडात बोलतोय, तिला कळेना. आपलं ऐकून त्याला ठेवून घेतलं आणि तो आत नसलाच तर? आणि गाडीत घातलं आणि तो आत असला तर?

शनिवारी तिनं वाटीत पाणी घेतलं आणि त्याची मिशी उतरवली. तो हलला नाही. रविवारी प्रार्थना सुटल्यावर फिलोमेनला आणि आर्झेली, व्हितालीन या दोघी बहिणींना बोलावून आणलं. तिघी मिळून सव्वाशे वर्षं मागावर काढलेल्या. तिघी हॅट न काढता भिंतीशी ओळीनं बसल्या.

"ह्यास्नी काही बी सांगितलेलं न्हाई," डेलिमा मुलीला म्हणाली. "मी भाईर बसते. तुला काय इचारायचं त्ये इचार. ज्ये आमा कुनाला ठावं न्हाई असलं इचार."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली, खिडकीकडं पाठ करून. वळलं असतं तर काचेतून त्याचं तोंड दिसलं असतं. ती वळली नाही. समोर नदी चालली होती. तिला आता कुठलाच रंग नव्हता, बंधाऱ्यावरून सांडताना नुसती कालवलेल्या उजेडासारखी दिसत होती. पलीकडं गिरणीच्या चारशे खिडक्या. बघता बघता डेलिमाला त्यांच्यामागं तोंडं दिसायला लागली, मेलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या, लग्न करून गेलेल्या बायांची, सगळी एकदम हलणारी. काय म्हणतायत ते वाचायला ती पुढं झुकली. तेवढ्यात आत तिघी एकदम खिदळल्या.

दार उघडून रोझिल्दा बाहेर आली. तिनं दार लावलं नाही, तशीच उभी राहिली. तिनं विचारलं होतं, मी पहिल्यांदा हार्टफर्डला निघाले तेव्हा फलाटावर बाबांनी माझ्या कानात काय सांगितलं. ओझियासचे ओठ हलले, वाकडे, सावकाश, आणि तीन म्हाताऱ्यांनी एका दमात सांगितलं: आईनं दिलेलं डुकराचं मांस गाडीत कुणाला वाटू नको. तोंड फिरवून एकटी खा.

"आई, मी तेव्हा अर्धं वाटलं होतं," रोझिल्दा म्हणाली. "त्यांना कधी सांगितलं नाही."

"आता सांग. त्याला ऐकू येतंय."

"सिस्टरना फोन करते. गाडी नको म्हणून." मग ती म्हणाली, "ही बोली मला का शिकवली नाहीस?"

"तुला तिथं उभं करायचं न्हवतं म्हनून."

"मग आता शिकव. गुडघे तुझे गेलेत. शनिवार-रविवारी मी येईन, मधल्या दिवसांना बाई ठेवू. पण मला कळलं पाहिजे."

डेलिमानं तिचा खांदा धरून तिला आतल्या बाजूला वळवलं. ओझियास खुर्चीतून त्यांच्याकडंच बघत होता. त्याचे ओठ हलायला लागले.

"बघ. घाई करू नगंस. पहिल्यांदा ओठ कुठं मिटतो त्ये बघ."

रोझिल्दानं डोळे बारीक केले. त्यानं पुन्हा म्हटलं, आता जरा चिडून.

"दार?" ती म्हणाली.

"व्हय. दार. म्हनतोय, लावा. पाय गारठले."

त्या आत गेल्या आणि दार लावलं.