फणसाच्या चिकाचा सांधा

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे शिवणयंत्रावर बसले ती अजून उठलेली नाही. मुलाच्या ट्रकसाठी मी पत्र्याचा खोका बेतला असं सांगितलं की बायका हसतात. हसू देत. खोका मीच बेतला, आणि ट्रक गेला तोही त्या खोक्यापायी.

मुलाने हा जुना ट्रक घेतला तेव्हा सून आणि नात मुंबईला सुनेच्या भावाकडे राहत होत्या. गावात बसून खायचं काय, म्हणून ती गेली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. मुलगा तिला फोनवर म्हणाला, "हा हंगाम गाडी नीट चालली की मे महिन्यात तुम्हाला न्यायला येतो. जूनला पोरीचं नाव इथल्या शाळेत घालू."

"आधी चालू दे," ती म्हणाली.

काम चिऱ्यांचं होतं. खाणीवर जांभ्या दगडाचे लाल चिरे भरायचे आणि आंबा घाट चढून कोल्हापूरकडे पोचवायचे. सपाटीला ट्रक बरा चाले, घाटात मान टाकी. शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्याने केबिन पुढे कलती केली आणि आत बोट दाखवलं. आधीच्या मालकाने हवा ओढायचा नळा तुटल्यावर काढून टाकला होता आणि फिल्टर इंजिनाला खेटून बसवला होता.

"टर्बोची गाडी आहे, म्हणजे इंजिनात हवा कोंबायला पंखा असतो. तिला गार हवा लागते," मिस्त्री म्हणाला. "ही इंजिनाचीच धग ओढतेय. फिल्टरला पत्र्याचा खोका करा आणि त्याला केबिनच्या मागून वर तोंड काढा, बाहेरची हवा येईल असं."

गोठ्यावर घालून उरलेला पत्रा पडवीत होता. मुलगा कातर घेऊन बसला. दोनदा कापला, दोनदा वाकडा. तिसऱ्यांदा मी त्याच्या हातातली कातर काढून घेतली.

आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, ट्रकखाली शिरले आणि जागेची मापं दोरीने घेतली. आधी पुठ्ठ्याचा खोका केला, आत बसतो का बघितलं, मग उलगडून पत्र्यावर ठेवला आणि कोळशाने आखला. ब्लाउजला शिवण सोडतात तशी पत्र्याला दुमड सोडावी लागते, एवढाच फरक.

"आये, पाठीला बटणं लावणार काय गो?" मुलगा म्हणाला.

"तुझ्या तोंडाला लावते. धर तिकडून."

खोक्याचे दोन कप्पे केले. एकात बाहेरची हवा येणार, मध्ये फिल्टर, आणि गाळलेली हवा दुसऱ्या कप्प्यातून नळ्याने टर्बोत जाणार. झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. सगळं नीट बसलं, फक्त दुसऱ्या कप्प्यात नळ्यासाठी पाडलेलं भोक करंगळीएवढं मोठं झालं. बाही घट्ट होऊ नये म्हणून मुंढा जरा सैल कापायची माझी सवय. ती पत्र्यावर उतरली.

"रत्नागिरीतून चिकटवायची नळी आणतो," मुलगा म्हणाला. "इंजिनाला लावायची वेगळी मिळते."

"कशाला? चीक आहे की."

आमच्याकडे फणस फोडला की चीक काठीला गुंडाळून ठेवतात. बादली गळली, मडक्याला चीर गेली, की तो दिव्यावर धरायचा, मऊ झाला की चिरेत दाबायचा. गार झाला की दगड. न्हाणीतली माझी लोखंडी बादली पंधरा वर्षं त्याच्यावर टिकली आहे. मुलाने ती लहानपणापासून बघितलेली. त्याने नळीचा विषय सोडला. मी चीक तापवला आणि नळ्याभोवती बोटाने बसवला. बादलीत गार पाणी असतं आणि हा खोका इंजिनाशेजारी बसणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दिव्यावर मऊ होतो म्हणून तर तो लावता येतो, हे ठाऊक असून.

पहिल्याच खेपेला घाटमाथ्यावरून त्याचा फोन आला. "आये, चढला. कुठे थांबला नाय." त्या आठवड्यात सुनेने नातीच्या दाखल्याची चौकशी केली. मी नातीसाठी दोन फ्रॉक बेतून ठेवले.

मग इंजिनातून शिट्टी यायला लागली. मग धूर. पंधरवड्यात ट्रक पहिल्याहून वाईट झाला. मिस्त्रीने नळा काढला, आत बोट फिरवलं आणि आमच्यापुढे धरलं. कुंकवासारखं लाल. खाणीची धूळ फिल्टरला वळसा घालून थेट टर्बोत गेली होती. आतल्या पात्यांच्या धारा झिजल्या होत्या आणि इंजिनानेही धूळ खाल्ली होती.

भोकाच्या कडेला वितळलेल्या चिकाची काळी तार लोंबत होती. मी म्हटलं, "हे माझं काम. चीक मी लावला."

मुलगा लगेच म्हणाला, "नाय, फिल्टरच हलका होता."

मिस्त्री एकदा माझ्याकडे बघत होता, एकदा मुलाकडे. हात पुसून गेला.

दुरुस्ती झेपणारी नव्हती. ट्रक होता तसा विकला. मे महिन्यात मुलगा मुंबईला गेला खरा, पण कुणाला आणायला नाही. तिथे दुसऱ्याची गाडी चालवायला. निघायच्या सकाळी मी त्याला भाकरी बांधून देत होते. म्हटलं, "फिल्टरचं खोटं कशाला सांगितलंस? मला काय डोळे नाहीत?"

तो चपला घालत होता. खाली बघूनच बोलला. "चौथ्या दिवशीच हाताला चिकटा लागला होता. मी परत दाबून बसवला. रोज बसवत होतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू इतकं राबून केलं होतंस. तुला वाईट वाटलं असतं."

एसटीची वेळ झाली होती, तो निघाला. पण ते ऐकून मला जे वाटलं ते ट्रक गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. आयुष्यभर मी कुणाचं मन सांभाळून बोलले नाही. बाई कापड घेऊन आली आणि तिला ते शोभणार नसेल तर तोंडावर सांगितलं. आणि माझ्याच पोटच्या पोराने माझं मन राखायला रोज घाटाखाली थांबून तो चीक अंगठ्याने दाबला. एक शब्द बोलला असता तर मी शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस तोंड फुगवलं असतं, आणि तो रत्नागिरीतून ती नळी घेऊन आला असता. नात आज इथल्या शाळेत असती.

ट्रक घेणाऱ्याने खोका काढून अंगणात टाकला. तो तिथेच आहे, गंजतो आहे. फ्रॉक मी मुंबईला पाठवले. सून म्हणाली, आखूड होतात.

बादलीतून अजून थेंब गळत नाही. मी रोज तिनेच पाणी घेते.