रायफलवरचं कुंकू
खंडेनवमीला शिलाई मशीनमध्ये तेल घातलं, की त्या वासासरशी मला डीमन या डच गावाजवळचा नेमबाजीचा क्लब आठवतो. अशाच एका खंडेनवमीला शेजारच्या डच आजोबांनी, ट्रिगरखालची कडी ओढून गोळी भरायची अशी त्यांची जुनी शिकारी रायफल तिथे पहिल्यांदाच माझ्या हातात दिली होती. तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा त्यांना खपत नसे. आणि मी? सकाळी मशीनची पूजा करून निघालेली, पर्समधली पुडी काढून सरळ लाकडी दस्त्याला कुंकू लावलं. "अगं, काय हे!" नवरा ओरडला. आजोबांनी खिशातून फडकं काढलं. "आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते," मी घाबरत सांगितलं. फडकं पुन्हा खिशात गेलं. मग मी झाडलेली गोळी कुठे गेली, देव जाणे. आजोबा मात्र अजूनही रायफल पुसतात, ती त्या लाल ठिपक्याला वळसा घालून.