कवडीचे बोळे

गळती दिसली की मुकुटबनच्या मारोतरावांना राहवत नसे. कुणाचा नळ ठिबको, कुणाचं कौल गळो, हा माणूस न बोलावता हजर! लोक चेष्टा करायचे, "मारोतभाऊ, ढगालेही एक बूच मारून द्या ना!"

कापसाला भाव नव्हता त्या साली पावसाळा लागला तरी शेजारच्या तुळसाबाईंचा कापूस घरातच पडून होता. घरामागे टेकडी. टेकडीला दगडी भिंतीचा आधार, आणि त्या भिंतीतल्या सहा पाइपांतून पाझरलेलं पाणी थेट घराच्या बुडाशी साचायचं. एकट्या बाईचा कापूस भिजेल! मारोतरावांना चैन पडेना. त्यांनी तिच्याच ढिगातली कवडी, म्हणजे किडका टाकाऊ कापूस, उचलली आणि सहाही पाइपांत बोळे ठोसून टाकले. कुणाला सांगितलं नाही. एवढ्याशा कामाचं काय सांगायचं?

मग पावसाची झड लागली ती आठ दिवस हटेना. तुळसाबाईंचं मागचं दार अडकू लागलं. मारोतरावांनी रंधा मारला. परत अडकलं, परत रंधा. "लाकूड फुगलं, वहिनी." टेकडीवरचा कडुनिंब कलला, तर म्हणे वाऱ्यानं!

नवव्या दिवशी सकाळी त्यांना दगडी भिंतीचं पोट पुढे आलेलं दिसलं. दार फुगलं नव्हतं. टेकडी सरकत होती! तुळसाबाईंना दंडाला धरून त्यांनी बाहेर काढलं आणि धावत जाऊन पहिला बोळा उपटला. पाणी असं छातीवर आदळलं की ते उताणे पडले. बाप रे! वाट बंद झालेलं एवढं पाणी आत कोंडून अख्खी टेकडी ढकलत होतं! तीन बोळे निघाले. चौथ्याला दगड करकरले, तेव्हा ते पळाले.

मातीला घाई नव्हती. दुपारपर्यंत ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सावकाश घरात शिरली. मागची खोली गेली, चूल गेली, कापूस गेला.

"मारोतभाऊनं वाचवलं बाप्पा मले," तुळसाबाई येईल त्याला सांगत होत्या.

मारोतरावांना ते ऐकवेना. त्यांनी मूठ उघडली. आत उपटलेले तीन बोळे होते. "वहिनी, हे मीच ठोसले होते पाइपात. तुमच्या घरात ओल येऊ नये म्हणून."

तुळसाबाईंनी एक बोळा घेतला, पिळला, बोटांनी उकलून पाहिला.

"हा तं माह्याच कापूस होय," त्या म्हणाल्या, आणि चिखलात मटकन खाली बसल्या.