रंगमास्तरांची घाई

आमच्या यांच्याइतका सावकाश माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच एका गोष्टीवरून मी तीस वर्षं यांच्याशी भांडत आले. रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायचं यांचं काम, म्हणून सगळे रंगमास्तर म्हणतात. गिऱ्हाईक भिंतीचा एखादा पोपडा कागदात गुंडाळून आणतं आणि म्हणतं, असाच हवा. मग मास्तर पांढऱ्या रंगात एक थेंब पिवळा टाकणार, काठीने ढवळणार, पुठ्ठ्याच्या पट्टीवर बोटभर फासणार आणि पट्टी घेऊन दुकानाच्या दारात उजेडाला उभे राहणार. "जमलं की मास्तर, द्या आता," असं गिऱ्हाइकाने म्हटलं की यांचं ठरलेलं उत्तर, "वाळू द्या. ओला रंग खोटं बोलतो." पट्टी वाळली की मग पुढचा थेंब. एका वेळी दोन थेंब टाकताना यांना कुणी पाहिलेलं नाही. वाट बघून वैतागलेल्या एका बाईंनी दारात बसून स्वेटरची अख्खी बाही विणली होती.

अशा माणसाला बावन्नाव्या वर्षी फिट आली. पहिली दुकानात, डब्यांच्या मांडणीपाशी. दुसरी घरी, आंघोळ करताना. बादलीचा काठ लागून भुवई फुटली आणि दाराला आतून कडी. शेजारच्यांनी दार फोडलं तेव्हा कुठे मला आत जाता आलं.

त्याच दिवशी मी कडी काढून टाकली आणि फर्मान काढलं, आत असेपर्यंत शीळ वाजवायची. शीळ थांबली की मी आत येणार. सुराशी यांचा संबंध नाही, पण शीळ खणखणीत. तोंडावर पाणी घेतलं की ती थांबे, मी दार ढकले, आणि हे साबणाच्या तोंडाने ओरडत, "अगं, जिवंत आहे!" आम्ही हसायचो. पण रोज अर्धा तास स्टुलावर कान टवकारून बसायचं म्हणजे माझ्या नाकी नऊ आले होते. एका सकाळी तिकडे दूध उतू गेलं आणि इकडे शीळ थांबली. मी धावले, आणि हे आत आपले कान धुताहेत! माझा तोंडाचा पट्टा सुटला. "जन्मभर काय मी या दाराला राखण बसू?" हे कान पुसत बाहेर आले. मी तासाभरात ते विसरूनही गेले.

पहिल्या गोळीने फिट पुरत्या थांबेनात, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडून दिली. दोन आठवडे रोज अर्धी, मग दोन आठवडे एक, पुढचं ते सांगणार. "ही हळूहळूच वाढवायची. आणि अंगावर पुरळ आलं तर ताबडतोब कळवा." हळूहळू हा शब्द ऐकून मला हसू आलं. यांना हळूहळू काय शिकवायचं? त्या हसण्यात पुरळाचं बोलणं एका कानाने आत गेलं आणि दुसऱ्या कानाने बाहेर. रोज रात्रीच्या जेवणानंतर मी सुरीने गोळीचे दोन तुकडे करायची आणि अर्धी यांच्या हातावर ठेवायची. एक दिवस चुकवला नाही.

दुसऱ्या आठवड्यात यांच्या छातीवर लाल ठिपके उठले. नेमकं त्याच आठवड्यात दुकानात नवं थिनर आलं होतं, आणि त्याचा वास डोक्यात जातो म्हणून हेच कुरकुरत होते. झालं! मला चोर सापडला. दुकानाच्या मालकांना मी फोनवर धारेवर धरलं. त्या भल्या माणसाने संध्याकाळी रबरी हातमोजे पाठवून दिले. मी साबण बदलला, यांचे शर्ट दोनदोनदा पाण्यातून काढले. दुसऱ्या दिवशी ताप आला, तिसऱ्या दिवशी डोळे लालबुंद. हे खिडकीशी उभे राहून बनियन वर करून छाती बघत होते, पट्टी बघतात तसे.

"हा लाल थिनरचा नाही," हे म्हणाले. "यात जांभळा उतरलाय."

"इथे तरी रंग जुळवू नका हो," मी म्हटलं, आणि त्या दिवशीही अर्धी गोळी दिली.

चौथ्या दिवशी यांना पाणी गिळवेना, तोंड आतून सोललेलं. दुपारी मी खाजेवर लावायला काहीतरी आणावं म्हणून औषधाच्या दुकानात गेले. तिथली मुलगी आम्हाला ओळखते. मलमाची ट्यूब काढता काढता म्हणाली, "मास्तरांचा डोस वाढवला ना डॉक्टरांनी? गेल्या आठवड्यात आणखी एक पाकीट घेऊन गेले."

"वाढवला नाही," मी म्हटलं. "आमची अजून अर्धीच चालू आहे."

तिने ट्यूब परत ठेवली. ताप आहे का, डोळे लाल आहेत का, तोंडात फोड आहेत का, एकामागून एक विचारलं, आणि मी हो हो म्हणत गेले. "काकू, मलम नको. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या. हे औषधामुळे असू शकतं. पाकीट सोबत घ्या, आणि तिथले डॉक्टर सांगेपर्यंत पुढची गोळी देऊ नका." चार दिवस मी थिनरला शिव्या घालत होते, आणि गोळी माझ्याच हाताने देत होते.

घरी येऊन यांच्या कामाच्या पिशवीत हात घातला. पट्ट्यांच्या गठ्ठ्याखाली दुसरं पाकीट होतं, निम्म्याहून जास्त रिकामं. माझ्या अर्धीशिवाय हे दुकानात आणखी घेत होते. विचारलं तर यांनी बोटांनी दाखवलं, आधी एक, मग दोन. भांडायला वेळ नव्हता. रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली. पाठीची कातडी पाण्याने पोपडा सुटावा तशी सुटत होती. भाजलेल्या माणसाची घेतात तशी काळजी घेत होते. डोळ्यांचे डॉक्टर वेगळे येत, नर्स दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालत. डोळे वाचतील का, हे कुणी छातीठोक सांगेना. मला तर जीव वाचला तरी पुष्कळ होतं, पण डोळे गेले तर हा माणूस दारातल्या उजेडात उभा राहून काय बघणार, हेही मनातून जाईना.

सहाव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, असं नेमून दिलेल्या डोसवरही होऊ शकतं, पण घाईने वाढवलं की धोका वाढतो. मग यांच्याकडे वळून विचारलं, "का वाढवली, मास्तर?"

ओठांवर खपल्या, बोलता येत नव्हतं. मी वही धरली. यांनी किलकिल्या डोळ्यांनी वेडंवाकडं लिहिलं, "हिला बाथरूमच्या दारातून सोडवायचं होतं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. मी खोलीबाहेर गेले आणि भिंतीला टेकून रडले, पोटभर रडले. तीस वर्षांत मी या माणसाला हजारदा म्हटलं असेल, जरा घाई करा. यांनी ऐकलं ते एकदाच.

एकोणीस दिवसांनी घरी आणलं. डोळे वाचले. कोरडे पडतात, उन्हाचा त्रास होतो, म्हणून आता मास्तर सकाळच्या कोवळ्या उजेडातच पट्ट्या बघतात, आणि गिऱ्हाइकांना आणखी थांबावं लागतं. आता वेगळीच गोळी आहे. डॉक्टरांनी दिलेला तारखांचा कागद मी कपाटाला चिकटवलाय. नको असलेल्या त्या गोळीचं नाव एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर लाल रंगाने लिहून यांनी खिशात ठेवलंय, कुठल्याही डॉक्टरला आधी दाखवायला. लाल जुळवायला पाऊण तास घेतला.

शीळ मात्र परत आली नाही. ओठ भरले, पण नुसती हवा जाते. म्हणून हे आता मगाने बादलीवर टकटक करतात आणि मी बाहेर स्टुलावर मटार सोलत बसते. काल टकटक थांबली.

"अहो!"

"अगं, डोक्यावर पाणी घेतोय. तू जा, कामं पडली असतील. मी आवरतो पटकन."

"पटकन काही नको," मी म्हटलं, आणि स्टूल दाराच्या आणखी जवळ ओढलं.