मालकाच्या नावाने बैठका

कलघटगीचा नागोजी वस्ताद सागाच्या ओंडक्यासारखा होता आणि ते त्याला पुरते ठाऊक होते. दार कितीही रुंद असो, तो तिरका होऊनच आत शिरायचा. हुबळीच्या पेठेतले कापडवाले पांडुरंगअप्पा यांनी त्याला घरी व्यायाम शिकवायला ठेवले, तेव्हा तो छाती ठोकून म्हणाला, "माझ्या हाताखालचा माणूस कधी ढिला राहिला नाही!"

अप्पांना धारवाडच्या जयतीर्थ डॉक्टरांनी बजावले होते, "दिवाळीपर्यंत पोट उतरवा, नाहीतर काळजाचं काही खरं नाही."

पहिल्या दिवशी अप्पांनी दोन बैठका काढल्या आणि तिसरीला खालीच बसले.

"साकु, साकु! पुरे झालं," ते धापा टाकत म्हणाले. "वस्ताद, आमचे भटजी आमच्या नावाने जप करतात, पुण्य आम्हाला मिळतं. बैठकांचंही तसंच करू." आणि खरोखरच त्यांनी ताम्हनात पळीभर पाणी सोडले: आजपासून नागोजीच्या बैठकांचे फळ मला.

असे कुठे होत नसते, हे नागोजी जाणून होता. पण समोर बदामाच्या दुधाचा लोटा होता. त्याची सगळी विद्या त्या लोट्यात खडीसाखरेसारखी विरघळली.

रोज सकाळी तो हुंकारत पाचशे बैठका काढी. अप्पा झोपाळ्यावर बसून मोजत, आणि मोजून थकवा आला म्हणून वाटीभर शिरा खात. दसऱ्याला नागोजीच्या मांड्या देवळाच्या खांबांसारख्या झाल्या आणि अप्पांना जिन्याच्या चौथ्या पायरीवर अंधारी आली.

डॉक्टरांनी नाडी धरली. "व्यायाम करता ना?"

"रोज पाचशे बैठका!" अप्पा ठासून म्हणाले.

"अहो, त्या काढतं कोण, तेही सांगा की," त्यांची बायको कुसुमावती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने अप्पांचे तूप-पुरीचे ताट नागोजीपुढे मांडले आणि अप्पांना पातळ आंबील दिली. "वस्ताद, यांचं जेवणही आता यांच्या नावाने तुम्हीच जेवा. पोचेल यांना."

नागोजीने घास घेतला. समोर अप्पा निळसर ओठांनी बसले होते. एक हात छातीवर, डोळे ताटावर. त्याने ताट सरकवले.

"अक्का, दूध मी प्यालो आणि जीव यांचा टांगला. उठा अप्पा. बैठका नकोत. अंगणात सावकाश दोन फेऱ्या."

"माझ्या नावाने तुम्हीच..."

"तुमच्याच पायांनी!"

कानडीत वस्तादाच्या सात पिढ्या उद्धरत अप्पा दीड फेरी चालले. नागोजीने त्यांना कट्ट्यावर बसवले, मनगट धरले, धाप ओसरेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "अर्धी राहिली."