ओल्या फडक्याची रेघ

हिरामावशी सिलिंडर कधी हलवून बघत नसे. कोणी हलवला की तोंडावर विचारायची, "देवाचा नारल हाय का तो?" ती टाकीवरून ओलं फडकं फिरवायची आणि सुकायची वाट बघायची. वरचा भाग आधी सुकायचा. गॅस असेल तिथवर ओल टिकायची. त्या रेघेवर ती खडूने खूण करायची. "टाकी खोटं बोलत नाय, मानसं बोलतात."

सारसोळ्यात एका तीन मजली इमारतीखाली तिची मासळी भाजायची गाडी होती, गॅसच्या ग्रिलची. टाकी जिन्याखालच्या कोंदट खोलीत, किल्ली तिच्या कमरेला. कसल्याशा तापात तिला वास येईनासा झालेला; मासळी ताजी की शिळी, हे ती बोटांनी ओळखायची.

असल्या खोल्यांत सिलिंडर ठेवणं म्हणजे वर राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळ, असं पत्रक छापून मी सह्या गोळा करत होते. मावशी म्हणाली, "सही देते. आधी ह्यो बघ." टाकीवर दोन-दोन रेघा. एक संध्याकाळची, एक सकाळची. सकाळची रोज नखभर खाली. टाकी बंद, खोलीला कुलूप.

"चोरतंय कोण?" मी तडकले.

"चोर कशाला गो? आमचे हे येतात. रांधून खातात."

तिचा नवरा खाडीत गेला होता. देह मिळाला नव्हता. कोपऱ्यात एक स्वच्छ ताट पालथं घातलेलं होतं. माझ्या हातातली पत्रकं निसटली. उचलायला वाकले, तर गुडघ्याखाली गॅसचा वास साचलेला.

त्याच दुपारी माणूस आणून झिजलेला वॉशर बदलला. रेघ जागेवर थांबली. मी खूश. चार दिवसांनी गेले, तर ग्रिल थंड आणि मावशी भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"गाडी का नाही लावली?"

"आता येत नाय ते."

पुढच्या आठवड्यात मात्र तिच्या केसांत अबोली होती. टाकीवर सकाळची रेघ नखभर खाली. नवा वॉशर तिने काढून कनवटीला बांधला होता.

"मावशी, वर पोरंबाळं झोपतात."

"माहीत हाय. खिडकी उघडी ठेवते मी."

त्या खोलीला खिडकीच नव्हती.

कुणाला सांगू नको, म्हणून तिने माझा हात धरला. मी सांगितलं. तासाभरात सगळ्या इमारतीला सांगितलं. आजही सांगेन, त्यात मला लाज नाही. लोकांनी किल्ली घेतली, टाकी उचलली. लेक तिला कामोठ्याला न्यायला आली.

रिक्षात बसताना मावशीने मला जवळ बोलावलं. रागावली नव्हती.

"बरोबर केलंस तू. पन त्यांना कामोठ्याचा पत्ता ठाव नाय. ते खोलीत आले का तूच त्यांना सांग."