नापास होणारी मावशी

प्रशिक्षण केंद्राची फरशी पुसणाऱ्या मावशीकडे आणखी एक काम होतं, आणि त्याचा तिला फार तोरा होता. नर्सेसच्या परीक्षेआधी नवा पेपर पहिल्यांदा तिला सोडवायला द्यायचे. जिने धडे घेतलेच नाहीत तिलाही सुटणारा प्रश्न शिकलेल्यांचं काय मोजणार? पेपर काढणाऱ्या बाई असा प्रश्न सरळ खोडून टाकायच्या.

"मी नापास, म्हणजे पेपर पास," मावशी सुनेला ऐटीत सांगायची.

"मग घरात कशाला सारखं पहिलं यायचं असतं तुम्हाला?" सून म्हणायची.

अकरा वर्षं मावशीचे विसातले चार-पाचच बरोबर यायचे, तेही अंदाजपंचे.

यंदा पेपर नवजात बाळाच्या श्वासाचा होता. बाई त्यावर दोन महिने झिजल्या होत्या. मावशीचे अठरा बरोबर आले.

बाईंचा चेहरा उतरला. "कुणी सांगितली उत्तरं?"

"कुणी नाही, बाई. शपथ."

"मग पेपरच वाया गेला. उद्या परीक्षा, दुसरा कुठून आणू?"

मावशी ओलं फडकं पिळत आठवू लागली. दुपारी फरशी वाळेपर्यंत ती बाईंच्या वर्गाच्या खिडकीखाली टेकायची. डोळा लागायचा. आतले शब्द झोपेत झिरपायचे, पाण्याखालून ऐकू यावेत तसे. मग एक निळसर बाळ तरंगत तिच्या ओंजळीत यायचं, न रडणारं, आणि कुणीतरी हळू सांगायचं, आधी पूस. ऊब दे. रोज तेच बाळ, रोज तोच आवाज.

"स्वप्नात आली उत्तरं," ती म्हणाली. "आवाज तुमचाच होता, बाई."

बाई हसल्या नाहीत. तिला सरावाच्या बाहुलीपाशी नेऊन म्हणाल्या, "करून दाखवा."

मावशीने हात धुतले. बाहुली पुसली, कोरड्या कपड्यात घेतली, पाठ चोळली. मान किंचित मागे, फुलाचा वास घेणाऱ्यासारखी. नाकातोंडावर मास्क टेकवून तिने हवेचा फुगा दाबला. रबरी छाती फुगली. उतरली. पुन्हा फुगली. खिडकीचा पडदाही त्याच लयीत हलतोय असं वाटलं.

"तुम्ही शिकलात, मावशी," बाई अखेर म्हणाल्या. "पेपरने तेच मोजलं."

तरी खात्रीसाठी त्यांनी बागेतल्या माळीबुवांना पेपर सोडवायला बसवलं. त्यांचे चार बरोबर आले. पेपर वाया जाता जाता बचावला, मावशीचं नापास होण्याचं काम मात्र माळीबुवांकडे गेलं.

परीक्षेनंतर नवे वर्ग सुरू झाले, त्या दुपारी माळीबुवा खिडकीखालच्या सावलीत पाय पसरून बसले, तशी मावशी फडकं झटकत धावली.

"उठा, उठा! इथे डोळा लागू देऊ नका. शिकाल!"